लाईट गेल्यावरचं उत्तर

"हिच्या तोंडाला कसला वास येतोय बघ गं जरा," असं म्हणत नंदाताईंनी शानूला माझ्या पुढ्यात धरलं.

मी चुलीपुढं भाकरी थापत होते. हात पिठाचे, म्हणून नुसतं नाक पुढं केलं. रॉकेल! शानूच्या ओठांवर, हनुवटीवर आणि झबल्याच्या गळ्याशी निळसर ओघळ होते. रेशनवरचं रॉकेल तेव्हा निळं यायचं. पोरगी खोकत होती, मध्येच श्वास ओढत होती आणि तिचे डोळे पाण्यानं डबडबले होते.

"ताई, रॉकेल प्यालीय ही."

"हळू बोल गं बाई!" नंदाताईंनी बाहेरच्या सोप्याकडं बघितलं. "दिव्यात भरत हुते. बाटली उंबऱ्यावर ठिवली आन् वात आणाया आत गेले. परत येतेय तर हिच्या तोंडाला बाटली. जास्ती न्हाई गेलं, व्हय ना? थुकलं असंल तिनं?"

नंदाताई माझ्या मोठ्या जाऊबाई. शानू त्यांची एकुलती एक लेक, अजून पुरतं बोलायलाही न लागलेली. रॉकेल प्यायलीय हे त्यांना माझ्याआधीच कळलं होतं. कुणीतरी 'नाही' म्हणावं एवढ्यासाठीच त्या माझ्याकडं आल्या होत्या. बाटली सरबताची, आतलं पाणी निळं, आणि शानूला निळं गारीगार म्हणजे जीव की प्राण. मग ती कशाला थुंकतेय?

"कोण काय प्यालं?"

मामंजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. माझे सासरे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सहसा येत नसत. रॉकेलबद्दल त्यांचा एक नियम होता. कॅन कायम उंच खुंटीला टांगलेला पाहिजे आणि दुसऱ्या कशात ओतायचं असेल तर घरातलं मूल कुणीतरी कडेवर धरायचं. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला एखादं खूळ लागतं, त्यातलंच हे. नियम नंदाताईंनीच मोडला होता. पण मामंजी ओरडले नाहीत. शानूकडं बघून त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला.

"मिठाचं पाणी," ते म्हणाले. "सूनबाई, मिठाचं पाणी आण. चांगलं दाट कर. उलटी काढायची. झालाय आपला हा प्रश्न."

झाला होता खरा.

मामंजी एसटीत कंट्रोलर होते. उभा जन्म बसस्टँडवर गाड्या पुकारण्यात गेला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. निवृत्त झाल्यावर घरात काय पुकारायचं? तेव्हा 'पक्कं उत्तर' नावाचा एक कार्यक्रम संध्याकाळी टीव्हीवर लागायचा. समोर उंच खुर्ची, खुर्चीवर घाम पुसणारा माणूस, एक प्रश्न आणि चार पर्याय. त्यावरून आपलं सामान्यज्ञान वाढवायचं, असा मामंजींनी चंगच बांधला होता. प्रश्न ऐकायचा, पर्यायांसकट पाठ करायचा आणि दुसऱ्या दिवशी मी भाकरीला बसले की सोप्यातूनच खणखणीत आवाजात मला विचारायचा. इतरांच्या घरी नव्या सुनेची परीक्षा पुरणपोळीवर होते. माझी मंगोलियाच्या राजधानीवर झाली. डोक्यावरचा पदर ढळू न देता मी चुलीपुढून ओरडायचे, "उलानबातर!" आणि सोप्यातून आवाज यायचा, "शाब्बास!"

मला ते फार आवडायचं. बारावीनंतर लग्न ठरलं आणि शाळा सुटली, ती माझी शाळा या घरात पुन्हा भरली होती. दारापुढून जाणारा सासरा बघून उठून उभं राहायचं, त्याच्यासमोर बसायचं नाही, त्याच्या शब्दावर शब्द काढायचा नाही, हे सगळं आमच्याकडं होतंच. पण प्रश्नोत्तराला बसलं की मामंजी वेगळे व्हायचे. एकच गोष्ट त्यांना खपायची नाही. 'माहीत नाही' म्हणायचं नाही. "हितं 'म्हाईत न्हाई' चालायचं न्हाई," ते म्हणायचे. "कायतरी उत्तर द्यायचं. गप बसणारा माणूस मला नको."

हळूहळू गावात त्यांचा लौकिक झाला. कुणाच्या पोराला गणित अडलं, कुणाच्या म्हशीला काही झालं, की 'कंट्रोलरला विचारा'. ते कुणालाही रिकाम्या हातानं पाठवत नसत.

गोम होती ती वेगळीच. आमच्या खानापूर तालुक्याच्या गावात त्या वर्षी लोडशेडिंगनं उच्छाद मांडला होता. खुर्चीवरच्या माणसानं 'पक्कं' म्हणावं, वाजंत्री वाढावी, सूत्रधारानं डोळे मोठे करावेत आणि नेमकी तेव्हाच लाईट जावी, असं कितीदा तरी झालं. बरोबर की चूक ते कळायचंच नाही. मग अंधारात मामंजी जरा वेळ जीभ टाळ्याला लावून च्च् च्च् करायचे आणि म्हणायचे, "इतक्या वर पोचल्याला माणूस चुकायचा न्हाई. शिक्कामोर्तब." की झालं. दुसऱ्या दिवशी ते उत्तर उजळणीत. शेजारच्या गावच्या मास्तरांनी एकदा असलं एक उत्तर चूक काढलं, तर मामंजींनी त्यांच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं.

रॉकेलचा प्रश्नही असाच. लहान मुलानं चुकून रॉकेल प्यायलं तर आधी काय करावं? खुर्चीवर कुठलासा जाडजूड किराणा दुकानदार होता. तो म्हणाला, मिठाचं पाणी पाजून उलटी काढावी, पक्कं. आणि लाईट गेली. त्या दिवशी मामंजींनी च्च् च्च् केलं नाही. डोक्यावरचा पंखा थांबायच्या आत ते म्हणाले, "शिक्कामोर्तब!" त्यानंतर आज नवा प्रश्न असो नसो, हा प्रश्न ते विचारायचेच. मी 'मिठाचं पाणी' म्हटलं की कितीतरी वेळ मान हलवत बसायचे. मी म्हटलं, असेल आवडता.

तर असं ते उत्तर. माझ्या जिभेच्या टोकावर बसलेलं. मी पिठाचे हात तसेच पातळाला पुसले, तांब्या भरला, मिठाच्या बरणीत हात घातला आणि मूठभर मीठ पाण्यात टाकून बोटांनी ढवळायला लागले.

मागं शानू खोकत होती. शेजारच्या हौसाकाकू गलका ऐकून धावत आल्या होत्या. "अगं बया! पालथी धर तिला, पालथी!" त्या ओरडत होत्या. नंदाताई रडत होत्या. मीठ बोटांना खरखरत होतं, विरघळत नव्हतं. आणि ते ढवळता ढवळता मला तो दुकानदार दिसला. अगदी समोर दिसला. त्यानं रुमालानं मान पुसली होती. आधी तो तिसरा पर्याय म्हणाला होता, मग थांबला होता, वर छताकडं बघितलं होतं आणि मग 'मिठाचं पाणी' म्हणाला होता. म्हणताना हसला होता. ज्याला येत नाही तो हसतो, तसं.

त्या माणसाला उत्तर येत नव्हतं.

आम्ही पाठ केलं होतं ते एका घाबरलेल्या दुकानदाराचं म्हणणं. खरं उत्तर या घरात कुणी ऐकलेलंच नव्हतं.

"आणतीस का न्हाई?" मामंजी ओरडले.

मी तांब्या घेऊन वळले. पण पाय पुढं पडेनात. लग्न होऊन सहा महिने झालेली सून, समोर सासरा, जाऊ आणि शेजारीण, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या हातातल्या तांब्यावर.

"मामंजी," मी म्हटलं, "ह्ये उत्तर आपल्याला ठाऊक न्हाई."

"काय?"

"लाईट गेलती. तो दुकानदार काय म्हणला तेवढंच आपण ऐकलं. बरोबर का चूक ते ऐकलंच न्हाई."

"मला ठाऊक हाय!" त्यांचा आवाज फाटला. "आण ते हिकडं. ह्या बारीला उशीर करायचा न्हाई."

'ह्या बारीला' म्हणजे काय, हे विचारायचं भान तेव्हा कुणाला असणार? नंदाताईंनी शानूला डाव्या मांडीवर आडवं घेतलं, तिचे गाल चिमटीत धरून तोंड उघडलं आणि उजवा हात माझ्याकडं लांब केला. "दे गं! बघत काय उभी ऱ्हायलीस? माझी पोर चाललीय!"

"ताई, नको."

"दे म्हणते ना!"

त्यांनी तांब्याचा काठ धरला. मी सोडला नाही. दोघींच्या ओढाओढीत थोडं पाणी शानूच्या पोटावर सांडलं आणि ती दचकली. मग काय झालं ते मला नीटसं सांगता येणार नाही. मी तांब्या हिसकला आणि सगळं पाणी चुलीवर ओतलं. तवा चर्रकन वाजला. राख आणि वाफ अंगावर आली, अर्धी भाजलेली भाकरी तरंगायला लागली आणि चूल विझली.

चूल विझवणारी सून! हौसाकाकूंनी तोंडावर हात ठेवला. नंदाताई माझ्याकडं बघत राहिल्या, त्यांना रडायचंसुद्धा सुचेना.

मामंजी एक पाऊल पुढं आले. मला वाटलं, मारतात. "मग काय करायचं?" ते ओरडले. "सांग की! काय करायचं मग?"

"म्हाईत न्हाई."

ते शब्द माझ्याच तोंडातून आले यावर माझा विश्वास बसेना. मामंजी तर थोबाडीत बसल्यासारखे मागं सरले.

"मला म्हाईत न्हाई, मामंजी," मी पुन्हा म्हटलं. आता मला रडू आलं होतं. "पर हितं कुणालाच म्हाईत न्हाई. दवाखान्यात न्यायचं. आत्ताच्या आत्ता."

त्यावर बडबड, रडारड होण्याआधीच हौसाकाकू पळाल्या. त्या बाईला बोलायचं फार, पण वेळेला पाय होते तिला. चौकात संपतची वडापची जीप भरत होती. काकूंनी आतली माणसं अक्षरशः हाताला धरून खाली उतरवली. आम्ही पोचलो तेव्हा एक म्हातारा आपली पिशवी छातीशी धरून रस्त्यात उभा होता आणि विचारत होता, "काय झालं? काय झालं?" कुणी सांगितलं नाही.

दोघे भाऊ, म्हणजे माझे मोठे दीर आणि आमचे हे, लांबच्या गावी यंत्रमागावर कामाला होते. त्यांना कळवायला काकूंनी कुणाला तरी पिटाळलं. जीप सुटली.

तो रस्ता मी आजही डोळे मिटून सांगेन. मागच्या बाकावर एका बाजूला नंदाताई शानूला घेऊन, समोर मी आणि मामंजी. खड्डा आला की शानू उसळायची आणि तिला उमासा यायचा. मघाशी ज्या उलटीसाठी तांब्या भरला होता ती आता आपसूक येते की काय, आणि आली तर ते चांगलं की वाईट, हेही मला कळत नव्हतं. मी हात लांब करून तिचं डोकं एका कुशीवर वळवून धरलं. का? तेही माहीत नव्हतं. निदान घशात काही अडकू नये एवढंच.

"काढ हात," नंदाताई म्हणाल्या. मी काढला नाही.

"माझ्या पोरीला काय झालं ना," त्या दात आवळून म्हणाल्या, "तर त्या घरात तू तरी ऱ्हाशील न्हाईतर मी. सांगून ठिवते. औषध व्हतं हातात. मातीत घातलंस."

मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला पाणी ओतल्याचा पश्चात्ताप होत होता. पाजलं असतं आणि काही झालं असतं, तर सगळ्यांनी मिळून पाजलं असं झालं असतं. आता जे होईल ते माझ्या एकटीच्या पदरात. गाव म्हणेल, सासऱ्यानं औषध सांगितलं आणि सुनेनं चुलीत ओतलं. जन्मभर म्हणेल. आणि शानू? तिचा विचार मनात आला की मी तो पुरता होऊच देत नव्हते. खंडोबाला, यल्लम्माला, माहेरच्या म्हसोबाला, जो आठवेल त्याला नवस बोलत होते.

मग शानूचं रडणं कमी झालं. खोकला होताच, पण मान कलायला लागली. पापण्या जड झाल्या. ओठांवर निळं होतं ते रॉकेलचं की दुसरं कशाचं? मी पदर थुंकीनं ओला करून ओठ पुसले. पुसलं तरी निळं थोडं राहिलंच.

"झोपू दिऊ नका तिला!" मामंजी एकदम पुढं वाकले. त्यांनी शानूचा तळपाय चिमटीत धरला. "शानू! ए शानू! हिकडं बघ. मांजर कसं म्हणतं गं?"

शानूनं डोळे उघडले नाहीत.

"मांजर कसं म्हणतं? सांग की आज्जाला. येतंय तुला. काल सांगितलंस ना?"

जीप खडखडत होती. संपत हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मामंजी वाट बघत होते. मी त्यांना इतक्या प्रश्नांची इतकी उत्तरं विचारताना ऐकलं होतं, पण अशी वाट बघताना कधी बघितलं नव्हतं.

"बरं, कावळा? कावळा कसा ओरडतो? म्हैस? म्हैस कशी हंबरती, शानू?" त्यांनी पायाला जोरात चिमटा काढला. "कायतरी सांग गं. चुकलं तरी चालंल. कायबी सांग."

शानूच्या घशातून घरघर आली आणि नंदाताईंनी हंबरडा फोडला. संपतनं मागं न बघता गाडी आणखी पळवली.

तालुक्याला लहान मुलांच्या डॉक्टर मगदूम बाईंचा दवाखाना होता. बाई वयानं माझ्याहून फार मोठ्या नसतील. बाहेर रांग होती ती तशीच ठेवून त्यांनी शानूला नंदाताईंच्या हातातून उचललं, टेबलावर ठेवलं, तोंड हुंगलं आणि छातीला नळी लावली. लावता लावताच त्यांनी विचारलं, "घरी उलटी काढलीत का? मिठाचं पाणी, घशात बोट, असलं काही?"

त्यांच्या आवाजावरून काही कळत नव्हतं. काढायला हवी होती, असं असेल तर? घर दूर, रस्ता खराब, तेवढं तरी करून यायचं की, असं म्हणाल्या तर?

"अहो, बोला ना! काढली का?"

"मी पाजत हुते," नंदाताईंनी माझ्याकडं बोट केलं. "हिनं पाजू दिलं न्हाई. माझ्या हातातनं हिसकलं आन् चुलीत ओतलं. ईचारा तिला, का ओतलं ते!"

बाईंनी नळी कानातून काढली आणि माझ्याकडं बघितलं. "तुम्ही ओतलंत?"

मी मान हलवली.

"देवानंच बुद्धी दिली म्हणायची. पाजलं असतं तर ही पोरगी माझ्यापर्यंत आलीच नसती. आता सगळे बाहेर व्हा. आई, तुम्ही थांबा."

मी बाहेर आले. भिंतीला टेकून उभी राहिले. मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. शानू आत होती, तिची घरघर दारातून ऐकू येत होती, आणि आपण कशाच्या काठावर उभे होतो ते आत्ता कुठं दिसत होतं. नंदाताईंच्या हातात तांब्याचा काठ होता. आणखी जरा ओढलं असतं तर?

मामंजी बाकावर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांना टोपीशिवाय बघायची मला सवय नव्हती.

बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. "छातीत गेलंय थोडं. ठसका लागला तेव्हाच गेलं असणार. पण थोडंच आहे. ऑक्सिजन लावलाय, आज आणि उद्या इथंच ठेवू. अजून पूर्ण निश्चिंत होऊ नका, पण मला वाटतं सुटेल त्यातून."

मी हात जोडले. मामंजी उठून उभे राहिले. त्यांनीही हात जोडले, पण ते तसेच जोडलेले राहिले.

"डॉक्टरबाई, एक इच्यारू? उलटी काढली असती, तर काय झालं असतं?"

बाईंना समजावून सांगायची आवड होती. त्यांच्या तोंडावरचा ताणही आता जरा सैल झाला होता. "रॉकेल पोटात असेपर्यंत तितकं वाईट नाही, आजोबा. उलटी काढली की ते वर येतं आणि वर येताना फुप्फुसात उतरतं. मग पोराला धाप लागते. श्वास पुरत नाही. निळं पडतं."

"लगीच?"

"लगेच किंवा काही तासांनी. लोक बिचारे चांगल्या मनानं पाजतात हो. त्यांना वाटतं, बाहेर काढावं."

मी मामंजींकडं बघितलं आणि मला कसलीतरी भीती वाटली. शानूबद्दलची नव्हे, वेगळीच. ते डॉक्टरबाईंकडं बघत होते, पण त्यांना बघत नव्हते. "बाई, तुम्हाला रांग आहे ना बाहेर..." मी मध्येच काहीतरी बोलले.

"आन् लवकर पाजलं असतं तर?" मामंजींनी विचारलं. "पिल्या पिल्या, लगीच? अजाबात उशीर न करता?"

"लवकर काय नि उशिरा काय, आजोबा. पाजायचंच नाही. हे सगळ्या गावाला सांगा तुम्ही." बाई हसल्या आणि आत गेल्या.

मामंजी खाली बसले. दवाखान्यातली नर्स ट्रे घेऊन आमच्यासमोरून आत गेली. रांगेतल्या कुणाच्या तरी तान्ह्या मुलाला आई थोपटत होती.

"कुसुम नाव हुतं," मामंजी म्हणाले.

मी काही विचारलं नव्हतं.

"ह्या दोघांच्या आधीची. थोरली. शानूएवढीच हुती." ते टोपीची घडी घालत होते, मोडत होते. "तुझी सासू पाण्याला गेलती. घरात मी एकटा. हिनं रॉकेल प्यालं. मला कायबी म्हाईत न्हवतं गं. कायसुदिक न्हाई. दारात जाऊन वरडलो, काय करू, काय करू. कोण म्हणलं, मिठाचं पाणी. मी पाजलं. दोन तांबे पाजलं. उलटी झाली, मोप झाली. बरं वाटलं मला."

मामंजींना एक मुलगी होती हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. नंदाताईंनाही नसणार. घरात तिचा फोटो नव्हता, तिचं नाव कधी कुणी काढलं नव्हतं.

"मला वाटायचं, उशीर झाला," ते म्हणाले. "एवढी वर्सं मला त्येच वाटायचं. दारात जाऊन वरडण्यात टाईम गेला. मला ठाऊक असतं, लगीच पाजलं असतं, तर ऱ्हायली असती. ह्या दुकानदारानं सांगितलं तवा मी म्हणलं, बघ. औषध बरोबरच हुतं."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. तेव्हा दवाखाने कुठं होते, तुम्ही काय मुद्दाम केलंत का, देवाची मर्जी, असली सगळी वाक्यं डोक्यात आली. मघाशी त्या डॉक्टरबाईंचं तोंड मी हातानं दाबलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच मला वाटत होतं. आमच्याकडं सून सासऱ्याच्या शेजारी बसत नाही. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले.

आतून एकाएकी शानूची किंकाळी आली. सुई टोचली असणार. पाठोपाठ ती टाहो फोडून रडायला लागली. नंदाताईंचा आवाज आला, "झालं, झालं गं माझी बाय." मी ताडकन उठले आणि दाराकडं निघाले. मामंजींनी माझं मनगट धरलं.

"रडू दे तिला," ते म्हणाले. "गप कर म्हणू नगंस. कुसुम रडायची थांबली, तवा मला वाटलं, उतार पडला."